सूर्यप्रतिमा पाहण्यासाठी मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर: जेहेलिओव्ह्यूअर आणि सनपाय यांचा टप्प्याटप्प्याने वापर

आठ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाच्या आयनांपासून 171 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. सोहो या सूर्यनिरीक्षक यानावरील ईआयटी या दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये हा प्रकाश निळा दाखवतात, तर सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी म्हणजे एसडीओ या यानावरील एआयए दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये तोच सोनेरी दिसतो. प्रत्यक्षात हा प्रकाश अतिनील पट्ट्याच्याही टोकाचा असल्यामुळे मानवी डोळ्याला दिसत नाही. दोन्ही रंग माणसांनी नेमून दिलेले आहेत. सूर्यप्रतिमांवर काम करू इच्छिणाऱ्याने ही गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी, कारण पडद्यावर दिसणारी प्रतिमा ही मुळात आकड्यांची एक सारणी असते आणि तिला रंग, उजळपणा व आकार देण्याचे निर्णय सॉफ्टवेअर घेत असते. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरचा खरा लाभ मला इथे दिसतो. ते विनामूल्य मिळते हे तर आहेच, पण आकड्यांचे चित्र होताना नेमके काय घडले हे त्यात उघडून तपासता येते.

या लेखात दोन साधनांचा वापर क्रमाने सांगितला आहे. जेहेलिओव्ह्यूअर हे पाहण्याचे साधन आहे, तर सनपाय हे मोजण्याचे. प्रथम पाहावे आणि मग मोजावे, हा क्रम माझ्या मते नवशिक्यासाठी सर्वांत सोयीचा ठरतो.

माहिती कोठून येते

एसडीओ हे नासाचे यान 11 फेब्रुवारी 2010 रोजी प्रक्षेपित झाले. त्यावरील एआयए उपकरणात चार दुर्बिणी असून त्या मिळून दहा तरंगलांबींमध्ये संपूर्ण सूर्यबिंबाच्या प्रतिमा घेतात. प्रत्येक प्रतिमा 4096 गुणिले 4096 पिक्सेलची, म्हणजे सुमारे 1 कोटी 67 लाख पिक्सेलची असते आणि अतिनील टोकाच्या तरंगलांबींमध्ये दर 12 सेकंदांनी एक नवी प्रतिमा मिळते. याच यानावरील एचएमआय हे उपकरण सूर्यपृष्ठावरील चुंबकीय क्षेत्राचे नकाशे देते. सोहो हे यान 2 डिसेंबर 1995 पासून अवकाशात आहे. पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर असलेल्या एल-1 या, सूर्य व पृथ्वी यांच्यामधल्या गुरुत्वीय समतोलाच्या बिंदूच्या परिसरातून त्याच्या लॅस्को उपकरणाने सूर्यबिंब झाकून भोवतालच्या प्रभामंडळाच्या (कोरोनाच्या) प्रतिमा घेतल्या. 2006 मध्ये सोडलेल्या स्टीरिओ यानांच्या जोडीने सूर्य बाजूने पाहिला, मात्र त्यांपैकी स्टीरिओ-बी या यानाशी असलेला संपर्क 1 ऑक्टोबर 2014 रोजी तुटला.

या माहितीचा आवाका पाहता ती सगळी आपल्या संगणकावर उतरवून घेणे शक्य नाही. एकट्या एसडीओकडून दिवसाला सुमारे दीड टेराबाइट माहिती येते. हेलिओव्ह्यूअर प्रकल्पाने यावर जो उपाय शोधला, तो जेपीईजी 2000 या प्रतिमाप्रकाराचा. या प्रकारात एकाच फाइलमध्ये प्रतिमा अनेक पातळ्यांवर साठवलेली असते, त्यामुळे आपण ज्या भागावर जितके जवळ जाऊ, तेवढाच तपशील सर्व्हरकडून मागवला जातो.

जेहेलिओव्ह्यूअर: मांडणी आणि पहिली प्रतिमा

जेहेलिओव्ह्यूअर हा युरोपीय अवकाश संस्था आणि नासा यांच्या हेलिओव्ह्यूअर प्रकल्पातील, जावा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम आहे. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी इन्स्टॉलर उपलब्ध असतात आणि मूळ कोड गिटहबवर आहे. काही इन्स्टॉल न करता फक्त झलक पाहायची असेल, तर प्रकल्पाचे ब्राउझरमध्ये चालणारे रूप पुरेसे आहे. त्रिमितीय दृश्य, स्थानिक फाइल उघडणे आणि मोठ्या चलचित्रांवर नियंत्रण या गोष्टींसाठी मात्र संगणकावरचा प्रोग्रॅमच घ्यावा. तो ग्राफिक्स कार्डाचा भरपूर वापर करतो, म्हणून चित्र अडखळू लागल्यास प्रथम ग्राफिक्स ड्रायव्हर अद्ययावत आहे का ते पाहावे.

सरावासाठी एखादी माहीत असलेली घटना घेणे उत्तम. 7 जून 2011 रोजी सूर्याच्या पश्चिम भागात एम 2.5 वर्गाची, म्हणजे मध्यम तीव्रतेची, सौरज्वाला भडकली, जागतिक वेळेनुसार (यूटीसी) 06:41 ला ती कमाल तीव्रतेला पोहोचली आणि तिच्याबरोबर थंड, दाट प्लाझ्माचा (विद्युतभारित वायूचा) प्रचंड लोट वर उसळला. त्यातील बराचसा प्लाझ्मा सूर्यातून सुटू शकला नाही आणि पुढचे काही तास तो पृष्ठभागावर ठिकठिकाणी कोसळत राहिला. या घटनेत पाहण्यासारखे इतके आहे की तिच्यावर एक संपूर्ण दुपार सहज घालवता येते.

प्रोग्रॅम सुरू झाल्यावर नवा थर जोडण्याचे बटण दाबावे. उघडणाऱ्या चौकटीत सर्व्हर, उपकरण व तरंगलांबी, आरंभाची वेळ, अखेरची वेळ आणि दोन प्रतिमांमधील अंतर असे पर्याय असतात. एआयए 304 निवडून 7 जून 2011 रोजी 06:00 ते 10:00 ही वेळ आणि एक मिनिटाचे अंतर द्यावे. चार तासांच्या सुमारे 240 प्रतिमा होतील, त्या सुरुवातीला पुरेशा आहेत. सर्व वेळा जागतिक वेळेत असतात. घड्याळातील स्थानिक वेळ टाकल्यास भलताच कालखंड समोर येतो आणि घटना सापडतच नाही, म्हणून वेळेचा फरक आधी कागदावर करून घ्यावा. निवडलेल्या अंतराने प्रतिमा मिळतीलच असेही नाही. संग्रहात त्या क्षणाची प्रतिमा नसेल तर जवळची दिली जाते, त्यामुळे कोपऱ्यात दिसणारी प्रतिमेची खरी वेळ वाचण्याची सवय लावून घ्यावी.

थर जोडणे आणि ते समजून घेणे

आता याच कालखंडासाठी एआयए 171 आणि एआयए 193 हे आणखी दोन थर जोडावेत. प्रत्येक तरंगलांबी ठरावीक तापमानाच्या प्लाझ्माला अधिक प्रतिसाद देते. 304 मध्ये मुख्यतः सुमारे 50,000 केल्व्हिन तापमानाच्या हेलियमचा, 171 मध्ये सुमारे 6 लाख केल्व्हिनच्या लोहाचा, 193 मध्ये 12 लाख केल्व्हिनच्या आसपासच्या आणि 211 मध्ये सुमारे 20 लाख केल्व्हिनच्या प्लाझ्माचा प्रकाश असतो. मात्र ही नावे तापमापकासारखी वाचू नयेत. 193 च्या पट्ट्यात सौरज्वालेच्या वेळी जवळपास 2 कोटी केल्व्हिनच्या लोहाचीही रेषा येते, 131 मध्येही तसाच दुहेरी प्रतिसाद आहे. ज्वालेच्या केंद्राशी 193 एकाएकी झळाळले, तर तिथे प्रभामंडळातले नेहमीचे बारा लाख केल्व्हिनचे द्रव्य वाढले असा निष्कर्ष काढता येत नाही.

थरांच्या यादीतील एकेका थराची दृश्यता चालू-बंद करून चलचित्र चालवावे आणि 07:00 नंतर कोसळणाऱ्या लोटाकडे पाहावे. 193 मध्ये तो काळा दिसतो. तिथे द्रव्य नाही असा त्याचा अर्थ नाही, उलट तिथे इतके थंड आणि दाट द्रव्य आहे की ते मागून येणारा प्रकाश शोषून घेते. हेच काळे ठिपके पृष्ठभागावर आदळतात तेव्हा त्या जागी क्षणभर लख्ख चमक उमटते. प्रभामंडळातील विवरेही 193 मध्ये काळी दिसतात, पण तिथे प्लाझ्मा खरोखर विरळ असतो. काळ्या रंगाचे हे दोन परस्परविरुद्ध अर्थ केवळ रंगावरून वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी दुसरी तरंगलांबी आणि हालचाल दोन्ही पाहावी लागतात. एकाच थरावर विसंबून राहू नये असे मी आग्रहाने सांगतो, ते याचसाठी.

प्रत्येक थराच्या पर्यायांत पारदर्शकता, उजळपणाच्या पातळ्या, धार वाढवणे, रंगसारणी आणि फरक-प्रतिमा असतात. धार वाढवण्याची सरकपट्टी जपून वापरावी. ती जास्त ओढल्यास जेपीईजी 2000 दाबणीतून उरलेले अवशेष तंतूंसारखे भासू लागतात. रंगसारणी करडी केली की बारकावे पुष्कळदा अधिक स्पष्ट दिसतात, आणि दोन उपकरणांच्या प्रतिमांची तुलना करताना तर करडा रंगच वापरावा.

फरक-प्रतिमा दोन प्रकारच्या असतात. एकीत प्रत्येक प्रतिमेतून तिच्या आधीची वजा होते, दुसरीत सर्व प्रतिमांमधून पहिली वजा होते. पहिला प्रकार पुढे सरकणाऱ्या लहरींसाठी चांगला, कारण हलणारी कड पांढरी आणि तिने मागे टाकलेली जागा काळी दिसते. दुसऱ्या प्रकारात उद्रेकानंतर प्रभामंडळ कुठे कुठे मंदावले ते दिसते, पण कालखंड लांबला की सूर्याचे परिवलनच फरक म्हणून उमटू लागते. प्रत्येक डागाच्या कडेला काळी-पांढरी जोडी दिसू लागली, तर ते परिवलन आहे असे समजावे. काही तासांपुरतीच ही पद्धत वापरणे श्रेयस्कर.

सूर्यबिंबापलीकडे

चौथा थर म्हणून लॅस्को सी-2 जोडावा आणि दृश्य लहान करावे. एआयएची प्रतिमा सूर्याच्या केंद्रापासून साधारण 1.3 सौर त्रिज्यांपर्यंत पोहोचते, तर सी-2 ची उपयुक्त प्रतिमा दोन त्रिज्यांच्या आसपास सुरू होऊन सुमारे सहा त्रिज्यांपर्यंत जाते. मधले काळे कडे हे निव्वळ माहितीचा अभाव आहे. प्रोबा-2 यानावरील स्वॅप उपकरणाचा 174 अँगस्ट्रॉमचा थर ते काहीसे भरून काढतो. सी-2 वर फरक-प्रतिमा चालू केली की 7 जूनच्या उद्रेकातून निघालेले कोरोनल मास इजेक्शन (प्रभामंडळातून बाहेर फेकला गेलेला प्लाझ्माचा ढग) पश्चिमेकडे फुगत जाताना दिसते. त्याच्या गतीवरून आणि आरंभीच्या ज्वालेवरून दोन्ही घटनांचा संबंध जोडण्याचा मोह होतो आणि या बाबतीत तो योग्यही आहे. तरी सी-2 च्या प्रतिमा कित्येक मिनिटांच्या अंतराने आलेल्या असतात हे विसरू नये.

यानंतर जेहेलिओव्ह्यूअरचे खरे वैशिष्ट्य असलेले त्रिमितीय दृश्य वापरावे. जून 2011 मध्ये स्टीरिओ-ए हे यान पृथ्वीच्या पुढे सुमारे 95 अंशांवर होते. त्यामुळे आपल्या बाजूने पश्चिमेला झुकलेली ही घटना त्याला सूर्यबिंबावर पूर्वेकडच्या बाजूस दिसली. स्टीरिओ-ए च्या ईयूव्हीआय या अतिनील दुर्बिणीच्या 304 चा थर जोडून गोल फिरवला की एकच लोट दोन कोनांतून पाहता येतो. मात्र इथे एक धोका आहे. प्रोग्रॅम प्रतिमेतील प्रत्येक बिंदू सूर्याच्या गोलावर लेपून दाखवतो. पृष्ठभागापासून लाखभर किलोमीटर उंच गेलेला प्लाझ्माही त्यामुळे पृष्ठभागावरच सांडल्यासारखा दिसतो आणि दृश्य जितके मूळ दिशेपासून वळवावे तितका तो चुकीच्या अक्षांश-रेखांशावर जातो. उंची किंवा स्थान ठरवायचे असल्यास थर ज्या यानाचा आहे त्याच यानाच्या दिशेने पाहून नोंद करावी.

सौर परिवलनाबरोबर दृश्य फिरवण्याचा पर्याय एखाद्या डागसमूहाचा अनेक दिवस मागोवा घेण्यासाठी उपयोगी पडतो. चुंबकीय क्षेत्ररेषांचा थरही जोडता येतो, पण त्या रेषा प्रत्यक्ष टिपलेल्या नसतात. पृष्ठभागावरील मोजमापांवरून गणिताने काढलेले ते एक प्रतिमान असते.

मोजायचे असेल तेव्हा

एवढे सगळे केल्यावर साहजिकच वाटते की उजळपणाचा आलेख इथूनच काढावा. तसे करू नये. हेलिओव्ह्यूअरच्या प्रतिमा 8-बिट असतात, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला फक्त 256 पायऱ्या उपलब्ध असतात. त्यांचा उजळपणा दिसायला सोयीचा व्हावा म्हणून आधीच दाबलेला असतो आणि साठवताना काही माहिती गाळलेलीही असते. आकार, वेळ आणि हालचाल यांसाठी त्या उत्तम आहेत. तीव्रतेसाठी मूळ फिट्स फाइलच हव्यात.

फिट्स फाइलमध्ये आकड्यांच्या सारणीबरोबर एक शीर्षलेख असतो. त्यात निरीक्षणाची वेळ, उद्भासनकाल (कॅमेऱ्याने प्रकाश टिपण्याचा अवधी), तरंगलांबी, प्रतिमेचा केंद्रबिंदू, पिक्सेलमाप आणि यानाचा कल नोंदवलेला असतो. सनपाय हा पायथन भाषेतील मुक्त-स्रोत संहितासंच आहे. तो हा शीर्षलेख वाचतो आणि आकड्यांना सूर्यावरील जागा मिळवून देतो. पूर्वी असे काम प्रामुख्याने सोलरसॉफ्ट या संचात होई. तो विनामूल्य असला तरी त्यासाठी सशुल्क आयडीएल भाषा लागते. सनपायसाठी पायथन पुरेसे आहे.

स्थापनेसाठी मिनीफोर्जसारखे पायथनचे वितरण घेऊन स्वतंत्र वातावरण तयार करावे आणि त्यात कोंडा-फोर्ज या पॅकेज-संग्रहावरून सनपाय बसवावे. इतर कामांच्या वातावरणात ते मिसळू नये, कारण अ‍ॅस्ट्रोपाय या पायाभूत संचाच्या आवृत्त्यांवरून पुढे अडचणी येतात. एआयएसाठी एआयएपाय आणि प्रतिमा-संस्करणासाठी सनकिट-इमेज हे संचही त्याच वेळी बसवावेत.

फाइल शोधण्याचे काम सनपायमधील फिडो करतो. त्याला वेळेची मर्यादा, उपकरण, तरंगलांबी आणि प्रतिमांमधील अंतर द्यायचे असते. तरंगलांबी देताना नुसता आकडा न देता अँगस्ट्रॉम हे एकक जोडावे लागते. सुरुवातीला हे जाचक वाटते, पण नॅनोमीटर आणि अँगस्ट्रॉममधला दहापटीचा घोळ त्यामुळेच टळतो. शोध आणि उतरवणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मधे थांबून किती फाइल सापडल्या ते सारणीत पाहावे. अंतर द्यायचे राहिले तर 12 सेकंदांच्या हिशेबाने चार तासांच्या 1,200 फाइल रांगेत लागतात. स्मृतीचाही विचार करावा. पूर्ण आकाराची एक प्रतिमा 64-बिट अंकांत सुमारे 134 मेगाबाइट जागा घेते, म्हणजे साठ प्रतिमा एकदम उघडल्यास 8 गिगाबाइट संपतात. हवा तेवढाच भाग कापून घेणे हाच त्यावरचा उपाय.

उतरवलेली फाइल मॅप या वस्तूत उघडली की वेळ, अक्ष आणि नेहमीची सोनेरी रंगसारणी यांसह प्रतिमा काढता येते. अक्षांवर कोनीय सेकंद (अंशाचा 3,600 वा भाग) असतात. पृथ्वीच्या अंतरावरून सूर्यावरचा एक कोनीय सेकंद म्हणजे साधारण 725 किलोमीटर आणि एआयएचा पिक्सेल 0.6 कोनीय सेकंदाचा, म्हणून एका पिक्सेलमध्ये सूर्यबिंबाच्या मध्यावरचे सुमारे 435 किलोमीटर मावतात. भाग कापताना डावा-खालचा आणि उजवा-वरचा कोपरा याच मापात द्यावा. पिक्सेल क्रमांकाने कापल्यास पुढच्या फाइलमध्ये सूर्य किंचित सरकलेला असण्याची शक्यता राहते.

मोजण्याआधी चार सुधारणा कराव्यात. पहिली, एआयएपायने प्रतिमा नोंदणीकृत करावी, म्हणजे चारही दुर्बिणींच्या प्रतिमांची उत्तर दिशा, केंद्र आणि पिक्सेलमाप एकसारखे होते. दुसरी, प्रत्येक प्रतिमा तिच्या उद्भासनकालाने भागावी. ज्वाला भडकली की एआयए आपोआप उद्भासन कमी करते, आणि हा भागाकार न केल्यास नेमक्या महत्त्वाच्या क्षणी सूर्य मंद झाल्याचे खोटे चित्र उभे राहते. तिसरी, वर्षांनुवर्षे वापरात असल्याने दुर्बिणींची संवेदनशीलता घटली आहे, 304 मध्ये तर बरीच. 2011 आणि 2024 ची तुलना करताना एआयएपायमधील ऱ्हास-सुधारणा लावलीच पाहिजे. चौथी, चलचित्र करताना उजळपणाची किमान आणि कमाल मर्यादा सर्व प्रतिमांसाठी एकच ठेवावी, नाहीतर प्रत्येक प्रतिमा स्वतःच्या मर्यादेवर ताणली जाते आणि खरी वाढ पुसून जाते.

एचएमआयच्या फाइल प्रथम उघडणाऱ्याला चुंबकीय नकाशा उलटा दिसतो. त्यात बिघाड काही नाही. उपकरणाची बसवणीच सुमारे 180 अंश फिरलेली आहे आणि शीर्षलेखात तशी नोंद असते. मॅपची फिरवण्याची क्रिया वापरली की उत्तर वर येते. त्यानंतर हा नकाशा एआयएच्या चौकटीत पुन्हा प्रक्षेपित करून त्याच्या समतीव्रता रेषा 171 वर आखाव्यात. प्रभामंडळातील कमानींचे पाय विरुद्ध ध्रुवीयतेच्या डागांवर रोवलेले दिसतात, आणि माझ्या मते सनपाय शिकण्यासाठी याहून चांगला पहिला अभ्यास नाही.

सनकिट-इमेजमधील बहुपदरी गॉसियन सामान्यीकरण मंद आणि उजळ दोन्ही भागांतील तंतू एकाच चित्रात उठावदार करते. परिणाम देखणा असतो, परंतु अशा प्रतिमेतील उजळपणाला भौतिक अर्थ उरत नाही. ती समजावून सांगण्यासाठी वापरावी, मोजमाप मूळ प्रतिमेवरच करावे.

जतन करणे आणि प्रसिद्ध करणे

जेहेलिओव्ह्यूअरमध्ये थर, वेळ आणि दृश्य यांची संपूर्ण मांडणी एका फाइलमध्ये जतन होते; चलचित्रासोबत ती फाइलही ठेवावी, म्हणजे दुसऱ्याला तेच दृश्य जसेच्या तसे उभे करता येते. सनपायच्या कामात लिहिलेला कोड आणि संचांच्या आवृत्त्या यांची नोंद तेच काम करते. प्रतिमेखालच्या ओळीत यान, उपकरण, तरंगलांबी, जागतिक वेळ आणि केलेली प्रक्रिया लिहावी. उदाहरणार्थ, ‘एसडीओ, एआयए 193 अँगस्ट्रॉम, 7 जून 2011, 07:30 जागतिक वेळ, उद्भासनकालाने भागलेली, आधीची प्रतिमा वजा केलेली, करडी रंगसारणी’. एसडीओची माहिती सर्वांना खुली आहे, पण तिचे श्रेय नासा, एसडीओ आणि एआयए, ईव्हीई (एसडीओवरील तिसरे उपकरण) व एचएमआय यांच्या वैज्ञानिक चमूंना देण्याचा प्रघात आहे, आणि सॉफ्टवेअरचे नावही त्याच ओळीत यावे.